नूरजहाँच्या अंगातलं लोह

जुन्नरच्या पेठेत ब्लाऊज शिवणाऱ्या बाया पुष्कळ, पण सांगितलेल्या वारी ब्लाऊज हातात ठेवणारी एकच, नूरजहाँ मन्सुरी. लग्नसराईत तिच्या घरात दोन मशिनी एकदम धडधडायच्या, एकीवर ती स्वतः आणि दुसरीवर तिची मुलगी अमरीन. नवरा भाजीपाल्याची पिकअप घेऊन वाशी मार्केटच्या खेपा मारायचा, चार-चार दिवस घरी नसायचा. घर चालायचं ते तिच्या हातांवर. म्हणूनच अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ते हात दुखायला लागले तेव्हा बरेच महिने तिनं कुणाला काही सांगितलंच नाही.

दुखणं विचित्र होतं. अंगठ्याशेजारच्या दोन बोटांची मुळं सुजायची. कात्री धरली की कळ थेट कोपरापर्यंत जायची आणि सकाळी मूठ वळायचीच नाही. शिवाय थकवा असा, की दुपारी मशिनीवर बसल्या बसल्या मान खाली जायची. पाळी थांबून दोन वर्षं झाली होती, तेव्हा ओळखीच्या बायकांनी या वयात असं होतंच म्हणून विषय संपवला. पण रंगही बदलत चालला होता. चेहऱ्यावर, हातांवर एक मळकट, करडी-तपकिरी झाक आली होती. अमरीननं एकदा तिचा हात उजेडात धरला आणि विचारलं, तू तर उन्हात कधी जात नाहीस, मग ही त्वचा अशी का झाली?

रक्त कमी झालंय, असं निदान साऱ्या पेठेनं परस्पर करून टाकलं. मग उपाय सुरू झाले. तळेघरची कोंडाबाई वर्षातून दोनदा घरातल्या सगळ्या बायकांचे ब्लाऊज एकदम शिवायला आणायची, अर्धी वाट पायी आणि अर्धी एसटीनं. तिनं येताना ताकदीसाठी म्हणून नाचणीचं पीठ आणलं. शेजारणीनं खजूर दिला. नवरा दर शुक्रवारी आठवणीनं कलेजी आणू लागला. मेडिकलवाल्यानं लोहाचं टॉनिक दिलं आणि लाल गोळ्यांची पाकिटं. नूरजहाँनं हे सगळं दोन वर्षं नेमानं घेतलं. एक दिवस चुकवला नाही. आणि तरी ती खचतच गेली.

पुढं सारखी तहान लागू लागली, वजन उतरलं, तेव्हा अमरीन तिला नारायणगावला एका डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेली. तरुणच होत्या, पण घाई नव्हती त्यांना. साखर वाढलेली निघाली, ते अपेक्षितच होतं. त्या मात्र साखरेच्या आकड्यावर थांबल्या नाहीत. पिशवीतून काढलेली औषधं त्यांनी एकेक करून टेबलावर मांडली आणि रिपोर्टशी ताडून पाहिली.

"हिमोग्लोबिन पंधरा आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "या लोहाच्या गोळ्या कुणी दिल्या?"

"कुणी न्हाई. लई थकवा व्हता, म्हणून मीच घेत व्हते."

"आजपासून बंद. टॉनिकही बंद. दोन तपासण्या लिहून देते. सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचं."

रिपोर्ट आला आणि डॉक्टरीणबाईंनी तो तिला नीट समजावला. पहिली तपासणी फेरिटिनची. अंगात लोहाचा साठा किती आहे, ते त्यातून कळतं. तिच्यासारख्या बाईचा आकडा दीडशे-दोनशेच्या आत असायला हवा, तिचा निघाला चौदाशे साठ. दुसरी तपासणी रक्तात लोह वाहून नेणाऱ्या प्रथिनाची. एरवी ते निम्मंसुद्धा भरलेलं नसतं, तिचं शंभरातलं एक्क्याण्णव टक्के भरलेलं होतं. म्हणजे दोन वर्षं जे कमी आहे म्हणून ती भरत होती, ते आधीच काठोकाठ होतं.

पुण्याच्या लिव्हरच्या डॉक्टरांनी पुढचं सांगितलं. वयस्क गृहस्थ होते, कागदावर चित्र काढून बोलायचे. शरीराला जादा लोह बाहेर टाकायची वाटच दिलेली नाही, जेवणातलं किती आत घ्यायचं एवढंच काय ते शरीराच्या हातात असतं. नूरजहाँच्या शरीराला तेच उमगत नव्हतं. साठा पुरेसा असूनही ते लोह ओढतच राहायचं, अगदी जन्मापासून. ते साठत गेलं लिव्हरमध्ये, साखरेवर ताबा ठेवणाऱ्या स्वादुपिंडात, बोटांच्या सांध्यात, कातडीत. पाळी चालू होती तोवर दर महिन्याला थोडं वाहून जायचं, म्हणून तिला उशिरा त्रास झाला. पुरुषांना लवकर होतो. आईकडून एक आणि वडिलांकडून एक, अशा दोन्ही बाजूंनी बिघडलेलं जनुक आलं तरच हा आजार उमटतो. त्यांनी विचारलं, आईवडील नात्यातले होते का? होते. अम्मी ही अब्बांच्या मामाची मुलगी. डॉक्टर म्हणाले, आमच्याकडंही मामाची मुलगी करतातच.

मग त्यांनी भावंडांचं विचारलं.

"दोन भाऊ. मोठा वलीभाई, तो लिव्हरनं गेला. चव्वेचाळीस वर्षांचा व्हता."

डॉक्टरांचा पेन थांबला. "दारू घ्यायचे?"

हाच प्रश्न नूरजहाँनं नऊ वर्षं ऐकला होता. वली गादीवाला म्हणून अख्खा बाजार त्याला ओळखायचा. कापूस पिंजून गाद्या, उशा भरायच्या, हे पिढीजात काम. वलीनं आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. तरी त्याचं पोट पाण्यानं फुगलं, डोळे पिवळे पडले, आणि ज्या दवाखान्यात त्याला भरती केलं होतं तिथल्या कागदावर कारण म्हणून दारू लिहिली गेली. मी पीत नाही, असं तो सांगत राहिला. असं सगळेच म्हणतात, असं उत्तर मिळालं. त्या कागदावरचं घरच्यांना कळायच्या आधीच गावभर झालं. माती द्यायला आलेल्या माणसांमध्ये कुजबुज चालू होती आणि ती नूरजहाँच्या कानावर आलीच. वर्षभरात वलीची बायको आयशा दुकान बंद करून मुलाला घेऊन घोडेगावला आपल्या भावाकडं राहायला गेली. पुन्हा जुन्नरला आली नाही.

"न्हाई," नूरजहाँ म्हणाली. "एक थेंब न्हाई."

डॉक्टरांनी यावर वाद घातला नाही. त्यांनी फक्त ते लिहून घेतलं. मग म्हणाले, धाकट्या भावाची तपासणी ताबडतोब व्हायला हवी. भावंडांत प्रत्येकाला चारात एक शक्यता असते.

उपचार ऐकला तेव्हा मात्र तिला वाटलं आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. गोळी नाही, इंजेक्शन नाही. दर आठवड्याला एक पिशवी रक्त काढून टाकायचं. नवं रक्त बनवायला शरीर साठ्यातलं लोह वापरतं, असा साठा हळूहळू उतरतो. हिमोग्लोबिन बघत बघत वर्षभर हे करायचं. बाकी आहाराचा बाऊ करायचा नाही. नाचणी, पालेभाज्या खुशाल खा, फक्त कलेजी बंद, लोहाच्या आणि क जीवनसत्त्वाच्या गोळ्या बंद, आणि जेवणाबरोबर चहा घेतला तर उलट चांगलाच.

दर आठवड्याला पुण्याला जाणं शक्य नव्हतं. मशिनी कुणी चालवायच्या? डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आणि ती घेऊन नूरजहाँ मंचरकडच्या एका रक्तपेढीत गेली. तिथल्या माणसानं चिठ्ठी दोनदा वाचली आणि परत केली. आम्ही दात्यांचं रक्त घेतो, आजाऱ्याचं काढत नाही, उद्या काही झालं तर जबाबदार कोण? ती वाद न घालता बाकावर बसली. बरोबर हातशिलाईचं काम होतं, हुक लावायचे होते. पेढीचे मोठे डॉक्टर जेवणानंतर येतात असं कळलं होतं. ते येईपर्यंत तिचे तीन ब्लाऊज झाले. डॉक्टरांनी चिठ्ठी पाहिली, पुण्याला फोन लावला आणि त्या माणसाला बोलावून सांगितलं, दर मंगळवारी यांचं रक्त काढायचं, आधी बोटातून हिमोग्लोबिन बघायचं आणि नंतर अर्धा तास बसवून पाणी द्यायचं.

ते रक्त दुसऱ्या कुणाला देता येत नाही, नियमाप्रमाणं नष्ट करावं लागतं, हे तिला फार लागलं. एवढं चांगलं लालभडक रक्त. पहिल्या दिवशी पिशवी भरताना तिनं मान फिरवली. तिसऱ्या मंगळवारपासून बघायला लागली.

पेठेत मात्र गहजब झाला. आधीच अशक्त बाई, तिचं रक्त काढतात? कोंडाबाईनं तर सरळ सांगितलं, ती डॉक्टर लोकं तुला फशिवत्यात. नूरजहाँ प्रत्येकीला रिपोर्ट दाखवत बसली नाही. एवढंच म्हणायची, पाचव्या महिन्यात मला बघायला या. आणि खरंच, चौथा महिना संपता संपता दुपारची मान खाली जाणं थांबलं.

धाकटा भाऊ फुरकान मात्र काही केल्या ऐकेना. त्याचं वारूळवाडीला मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. येडगाव धरणाच्या बाजूच्या शेतकऱ्यांच्या विहिरीवरच्या, नदीवरच्या जळालेल्या मोटारी त्याच्याकडं यायच्या. तांब्याची तार गुंडाळायच्या कामात त्याचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता. वय एक्केचाळीस, अंगानं दणकट. मला काय धाड भरलीय, म्हणायचा. फोनवर दोनदा तुटक बोलला, तिसऱ्यांदा उचललाच नाही.

तेव्हा नूरजहाँनं एक ठरवलं. मंगळवारी रक्त काढून झालं की परतीच्या वाटेवर वारूळवाडीला उतरायचं आणि त्याच्या दुकानात जाऊन बसायचं. बोलायचं काही नाही. दंडावर पट्टी, हातात हुक लावायचं काम. पहिल्या मंगळवारी तो हसला. दुसऱ्या मंगळवारी चिडला. गिऱ्हाइकासमोर तमाशा कशाला, म्हणाला. तिसऱ्या मंगळवारी त्यानं तिच्यासाठी चहा मागवला आणि पाठ फिरवून कामाला लागला. येडगावचे कुंडलिक गाढवे मोटार घ्यायला आले होते, तेही खुर्चीवर बसून होते. त्यांना पाणी सोडायचं होतं, म्हणून लवकर दे म्हणत होते.

नूरजहाँ भावाचे हात बघत होती. तार ओढताना तो ती अंगठा आणि शेवटच्या दोन बोटांत धरत होता. अंगठ्याशेजारची दोन बोटं लांब, ताठ. लहानपणापासून ती त्याला काम करताना पाहत आली होती. अशी तार त्यानं कधी धरली नव्हती.

ती उठून त्याच्यापाशी गेली.

"फुरकान, मूठ वळ."

"आपा, काम करू दे."

"मूठ वळ म्हणते ना."

त्यानं तार खाली ठेवली. मूठ वळायला गेला. दोन बोटं अर्ध्यावरच थांबली. त्यानं दुसरा हात वळून पाहिला, तीच गत. कुंडलिकराव मोटारीकडं बघू लागले.

"किती दिवस झालं?"

"वरीस झालं आसंल." तो खाली बघतच म्हणाला, "वलीभाईलाबी आसंच व्हतं, आपा. गादीला टाके घालताना सुई गळायची त्याच्या हातातनं. मी बघितलंय."

आणि मग त्यानं इतके दिवस मनात कोंडलेलं बोलून टाकलं. त्याला तपासणीची भीती नव्हती. लिव्हरचं नाव निघालं की लोक काय म्हणतील, याची भीती होती. मोठा गेला तोच रस्ता धाकट्यानं धरला म्हणतील. त्याला दोन मुली होत्या, उद्या त्यांची लग्नं करायची होती. नूरजहाँनं त्याला बोलू दिलं. त्याचं संपल्यावर म्हणाली, लोकांचं मी बघते, तू उद्या सकाळी काही न खाता लॅबमध्ये जा.

कुंडलिकराव उठले. "फुरकानभाऊ, मोटार परवा दिली तरी चालंल," म्हणाले आणि निघून गेले.

फुरकानचा आकडा एकोणीसशेच्या वर निघाला. लिव्हर थोडं ताठर झालं होतं, पण निकामी व्हायच्या आत सापडलं होतं. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, आणखी पाच वर्षं गेली असती तर मला तुम्हाला वेगळं काही सांगावं लागलं असतं. पुढच्या मंगळवारपासून रक्तपेढीत दोन खुर्च्या लागायला लागल्या.

पण लोकांचं मी बघते, हे नूरजहाँनं नुसतं बोलायला म्हणून म्हटलं नव्हतं. वलीचं काय झालं होतं, ते तिला शोधायचं होतं. तिनं डॉक्टरांना विचारलं, गेलेल्या माणसाची तपासणी होते का? त्यांनी विचारलं, तेव्हा लिव्हरचा तुकडा काढला होता का? काढला होता, पाठीत मोठी सुई घातल्याचं वली सांगायचा. बरगडीत असेल, डॉक्टर म्हणाले, आणि असा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवून मोठे दवाखाने वर्षानुवर्षं जपून ठेवतात असंही त्यांनी सांगितलं. तो मिळाला तर त्याला रंग देऊन लोह बघता येईल. मात्र मागणीच्या अर्जावर बायकोची किंवा मुलाची सही लागेल.

म्हणून ती घोडेगावला गेली. आयशा दारातच उभी राहिली, तिला पाहून खूश झाली की नाही ते कळेना. चहा झाला. नूरजहाँनं सगळं सांगितलं आणि अर्ज पुढं केला. आयशानं तो हातात घेतला नाही.

"कशाला उकरतेस आता? माझा फैजान कामाला लागला. लोक इसरलेत."

"मी न्हाई इसरले, भाभी. तो खोटं बोलत नव्हता."

आयशानं चहाचे कप उचलून बाजूला ठेवले. मग म्हणाली, "तुला वाटतं मला लोकांचं दुखतं? मला माझंच दुखतं. दवाखान्यानं कागद दिला ना, त्या दिशी मी त्यांचा सदरा हुंगून पाहिला. दुकानात जाऊन गाद्यांखाली बाटल्या शोधल्या. काय सापडलं न्हाई. पन मी शोधलं, नूर. त्यांनी मला शोधताना बघितलं. काय बोलले न्हाईत."

नूरजहाँ आयशाच्या शेजारी सरकली. थोड्या वेळानं आयशानं स्वतःच पेन मागितला आणि सही केली.

वलीला भरती केलं होतं त्या दवाखान्यात चार खेपा झाल्या. जुनं रेकॉर्ड दुसऱ्या इमारतीत हलवलं होतं, नोंदीत नाव वलीऐवजी वाली पडलं होतं, संबंधित माणूस रजेवर होता. प्रत्येक वेळी नूरजहाँ हातातलं काम घेऊन बाकावर बसायची. चौथ्या खेपेला एका बाईंनी ठोकळा आणून दिला. अंगठ्याच्या नखाएवढं मेण, आत धाग्यासारखा बारीक तुकडा. तिच्या भावाचं एवढंच जगात उरलं होतं.

दहा दिवसांनी पुण्याच्या डॉक्टरांनी तिला बोलावून कॉम्प्युटरवर चित्र दाखवलं. गुलाबी जमीन, आणि तिच्यावर सगळीकडं निळे ठिपके, कुठं कुठं तर सगळा निळाच. तो निळा म्हणजे लोह. एवढं लोह लिव्हर खराब करायला पुरेसं असतं, डॉक्टर म्हणाले. पण तिनं जे लिहून मागितलं ते मात्र त्यांनी दिलं नाही.

"ते दारू घेत नव्हते, असं या तुकड्यावरून मला लिहिता येणार नाही. लोह किती होतं आणि बहिणीला, भावाला हा आजार सिद्ध झाला आहे, हे लिहून देतो. त्यातून जे समजायचं ते समजेल."

नूरजहाँ क्षणभर नाराज झाली. मग तिनं विचार केला की या माणसानं माहीत नसलेलं लिहिलं नाही. नऊ वर्षांपूर्वीच्या त्या कागदावर तेवढंच पाळलं गेलं असतं तर पुरे होतं.

पत्र घेऊन ती घोडेगावला गेली तेव्हा फैजान घरी होता. बाप गेला तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. आयशानं पत्र त्याच्या हातात दिलं आणि मोठ्यानं वाचायला लावलं. त्यानं वाचलं. अवघड शब्दांशी अडखळला, पुन्हा वाचला. संपल्यावर त्यानं घडी घातली आणि विचारलं, मला पण तपासावं लागेल ना? नूरजहाँ म्हणाली, लागेल, आणि बहुतेक काही निघणार नाही, कारण आयशा दुसऱ्या घराण्यातली आहे. तरी बघायचं. त्याचे आकडे चांगले आले. अमरीनचेही आले.

आता दीड वर्ष होत आलंय. नूरजहाँचा साठा सत्तरवर उतरला. अठ्ठेचाळीस पिशव्या लागल्या. आता वर्षातून तीन-चारदा काढलं की झालं, पण ते जन्मभर. चेहऱ्यावरची करडी झाक गेली. साखर मात्र राहिली, तिची गोळी चालू आहे. बोटांची मुळंही पहिल्यासारखी झाली नाहीत, थंडीत दुखतातच. तिनं विजेची कात्री घेतली आणि कापायचं काम बरंचसं अमरीनकडं दिलं. फुरकानच्या पिशव्या अजून चालू आहेत. तो रक्तपेढीच्या माणसाशी क्रिकेटवर बोलतो.

परवा जुन्नरलाच नात्यातल्या एका लग्नात पुरुषांच्या पंगतीत वलीचा विषय निघाला. गेणभाऊ तांबोळी, म्हणजे नूरजहाँच्या अब्बांच्या मावशीचा मुलगा, पोक्त गृहस्थ. खरं नाव गनी, पण सगळा गाव त्यांना गेणभाऊच म्हणतो. ते म्हणाले, माणूस चांगला होता बिचारा, पण नाद वाईट. नूरजहाँ वाढायला तिथंच होती. तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं.

"चाचा, त्याला नाद नव्हता. लोहाचा आजार व्हता. मला हाय, फुरकानला हाय. तुमच्या आईकडनं आपलं रक्त एक हाय, म्हणून सांगते, घरातल्या समद्यांची तपासणी करून घ्या."

गेणभाऊ मान खाली घालून जेवत राहिले. नूरजहाँनं भांडं उचललं आणि पुढच्या ताटात वाढलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्या मोबाइलवर एका अनोळखी नंबरवरून फोन आला. गेणभाऊंची सून होती. हळू आवाजात बोलत होती. सासऱ्यांच्या बोटांची मुळं दोन वर्षांपासून सुजतात, म्हणाली, आणि ती तपासणी नक्की कोणती, नाव काय तिचं?

नूरजहाँनं मशीन थांबवली आणि तिला एकेक अक्षर सांगून नाव लिहून घ्यायला लावलं.